हारूनभाईंचा बोरिंग बार

या, असे जवळ सरका. कीर्तनात महाराज उत्तररंगाला आख्यान लावतात, तसं आज मीही एक लावतो. यात राजा नाही, ऋषी नाही. भिवंडीचे एक मिस्त्री आहेत, हारूनभाई. आणि त्यांच्या यंत्राचं चाक चाळीस वर्षं फिरवलेला मी, राघो.

हारूनभाईंचं वर्कशॉप मानकोलीहून अंजूरला जाताना, दोन गोडाऊनच्या मधे अंग चोरून उभं होतं. शौकिनांच्या जुन्या मोटारींची इंजिनं तिथं यायची. आताच्या गाडीचं बेअरिंग डब्यातून काढून बसवतात. त्या जुन्या इंजिनांत मात्र क्रँक ज्या तीन बैठकांवर फिरतो तिथं पांढरा धातू वितळवून ओतायचा आणि मग तिन्ही भोकं एका रेषेत कोरायची. त्यासाठी हारूनभाईंकडे वडिलांच्या वेळचा बोरिंग बार होता. तिन्ही बैठकांतून आरपार जाणारी लांब दांडी, तिला एक बारीक पातं. एका टोकाचं चाक मी हातानं फिरवायचो, दुसऱ्या टोकाचा स्क्रू पिळत हारूनभाई पातं पुढं सरकवायचे.

शेवटच्या फेरीला चाकाचा वेग एकच हवा. मधे थांबलं तर रेघ पडते. घाई झाली तर पातं थरथरतं, धातूवर लाटा उठतात. म्हणून अजानची वेळ जवळ आली की हारूनभाई ती फेरी धरायचेच नाहीत. नमाज पढून यायचे, मग बिस्मिल्ला म्हणून स्क्रूला हात.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. चहाचा कप बशीत वाजायचा. गंमत अशी, की स्क्रूवर ठेवला की तोच हात गप्प बसायचा. पण हे मुबश्शिरला, त्यांच्या मुलाला, कसं पटावं? त्याचं कशेळीला ट्रान्सपोर्टचं ऑफिस. उकळता धातू आणि बापाचा तो हात, या विचारानं पोराची झोप उडालेली.

"अब्बा, हे एक इंजिन करा," तो म्हणाला. "मी समोर उभा राहून बघतो. नीट निघालं तर तुम्ही आणि तुमचं दुकान, मी तोंड उघडणार न्हाय. बिघडलं तर शटर खाली."

"मंजूर," हारूनभाई म्हणाले. "राघो साक्षीदार."

शेवटच्या फेरीच्या दिवशी जवळच्या देवळात सप्ताह चालू होता. कर्णा आमच्या समोरच्याच खांबावर. हारूनभाई दुपारची नमाज पढून आले, तेव्हा मुबश्शिर आधीच येऊन उभा होता.

"राघो, तुझे महाराज उभे राहिलेत. त्यांचं होऊ दे, मग घेऊ."

"कशाला? कान तिकडं, हात इकडं."

"अरे, मी अजानला थांबतो, तू कीर्तनाला थांब. त्यात काय कमीपणा हाय?"

"चाळीस वर्षं चाक फिरवतोय, भाई. आता मला शिकवता?"

ते हसले. "बरं बाबा. तू वस्ताद, मी शागीर्द."

पहिली बैठक आरशासारखी निघाली. दुसरीही. मुबश्शिर वाकून बघत होता, त्याच्या कपाळावरची आठी सैल झाली होती. तिसरीत पातं शिरलं आणि तिकडं महाराजांनी गजर धरला. विठ्ठल, विठ्ठल! मृदंग चढला, टाळ चढले, आणि माझा हात कधी त्यांच्यामागं धावला, मला कळलंही नाही.

"राघो!"

बार घरघरला. मी वेग आवरला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

मुबश्शिरनं बॅटरी मारून आत नख फिरवलं. लाटा. तो काही बोलायच्या आत हारूनभाई म्हणाले, "माझा हात हलला रे."

माझ्या हाती एका श्वासाइतका वेळ होता. भाई, तुमचा नाही, माझा. एवढंच म्हणायचं होतं. पण मघाशी मारलेली फुशारकी मुबश्शिरनंही ऐकली होती. मी चिंधी उचलली आणि चाक पुसत बसलो.

"मेटल परत ओतू की," मी म्हणालो.

"मेटल ओताल, चाचा. अब्बांचा हात कुठून आणाल?" मुबश्शिरचे डोळे भरले होते. रागावला असता तर बरं झालं असतं.

शटर खाली आलं. इंजिन दुसरीकडे गेलं. मी दर जुम्म्याला हारूनभाईंच्या घरी जायचो. ते दारात खुर्ची टाकून बसलेले असायचे, आणि तो हात दुसऱ्या हातानं धरून ठेवलेला. एकदा चहा पिताना सहज म्हणाले, "त्या दिवशी महाराजांनी गजर काय रंगवला होता, न्हाय?"

त्यांना ठाऊक होतं. दार उघडून धरलं होतं त्यांनी माझ्यासाठी. मी कपात बघत म्हणालो, "हो, छान होता."

रमजान उलटला आणि ते गेले. चाळिसाव्याच्या जेवणाला मी मुबश्शिरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चाचा, अब्बा असताना सांगायचं होतं." आणि माझ्या ताटात वाढू लागला.

नाम घेतलं की पाप जळतं, असं महाराज सांगतात. जळत असेल. मी अजूनही कीर्तनात पुढं जाऊन बसतो, पण हे एक मी विठ्ठलाकडे जाळायला नेलेलं नाही.

तुम्ही मात्र एवढं करा. हारून मिस्त्रींचं नाव निघालं आणि कोणी म्हणालं, शेवटी म्हाताऱ्याचा हात गेला होता, तर त्याला तिथंच अडवा. म्हणावं, स्क्रूवर तो हात शेवटपर्यंत स्थिर होता. त्यांना तसंच आठवा.