तळ्याकाठचा जपून ठेवलेला संडास

मी एक जुना संडास आहे. हसून घ्या, मित्रांनो. पुढे हसू येणार नाही.

तळ्याच्या काठी, एका मासेमाराच्या घरामागे माझा जन्म झाला. गवंड्याने मला पांढऱ्या फरशा बसवल्या, निळं दार लावलं आणि मागे सरून म्हणाला, "झकास! इथे राहायलाच यावंसं वाटतंय." मालकाची छाती फुगली. इतकी फुगली, की त्याने दाराला कुलूपच ठोकलं. "रोज वापरून खराब करायचा की काय? पाहुण्यारावळ्यांसाठी राहू दे."

पाहुणे आले. त्यांना मला बाहेरून दाखवण्यात आलं. पुढे माझ्यात फाटकी जाळी कोंबली. घरची माणसं पूर्वीसारखीच पाण्याकाठी जात. एवढं मोठं तळं, सगळं पोटात घालतं, असा त्यांचा भरवसा.

मालकाची धाकटी लेक दिवसभर पाण्यात, म्हणून सगळे तिला बदकी म्हणत. एका सकाळी ती धावत आली आणि माझ्या भिंतीच्या आडोशाला लघवीला बसली. उठली तेव्हा खालची माती लाल झाली होती. मित्रांनो, माझ्या फरशांना घाम फुटला!

पोरीने रडत आजीला सांगितलं. वाटलं, आता म्हातारी घर डोक्यावर घेणार. आजी जाळ्याची गाठ मारत म्हणाली, "अगं, एवढंच ना? तुझ्या बापालाही व्हायचं, काकालाही. इथल्या पोरांना लाल लघवी होतेच."

मी पायापासून हादरलो. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणालाच काही वाटत नव्हतं!

वाटलं ते आईला. तिचं माहेर डोंगरावरचं. "आमच्याकडे नाही हो होत असं कुणाला," म्हणत तिने पोरीला कडेवर घेतलं आणि थेट दवाखाना गाठला.

मग डॉक्टरीणबाई स्वतःच तळं बघायला आल्या. "लघवीतून जंतांची अंडी पाण्यात जातात. त्यातली पिल्लं तिथल्या गोगलगायींच्या अंगात वाढतात, पुन्हा पाण्यात सुटतात आणि पाण्यात उतरेल त्याच्या कातडीतून आत शिरतात. गोळ्यांनी बरी होईल पोर. पण हेच चालू राहिलं तर पुन्हा होईल, आणि एक दिवस मूत्राशय कायमचं निकामी होईल."

"म्हणजे आमचंच आम्हाला परत?" मालकाने विचारलं.

"घरपोच," बाई म्हणाल्या. "संडास नाही का तुमच्याकडे?"

सगळ्यांनी अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं. बाई कुलपाकडे बघत राहिल्या.

किल्ली सापडली नाही. मालकाने दगडाने कुलूप फोडलं आणि जाळी भराभर बाहेर फेकली.

"अरे, पण पाहुणे आले तर?" आजी पुटपुटली.

"पाहुणे गेले तळ्यात!" तो ओरडला आणि लगेच दचकला. "नको. तळ्यात नको."

बदकी बरी झाली. आता ती काठावर गुडघे पोटाशी घेऊन बसते आणि पाण्याकडे नुसती बघते. शेजारच्या संडासात मात्र अजून सरपण आहे, दाराला कुलूप आहे आणि त्या घरची मुलं पाण्यात डुंबतायत. तळं एकच आहे, मित्रांनो.

बाकीच्या वस्तू तुम्हाला म्हणतील, आम्हाला जपा. मी दार सताड उघडून विनवतो, मला जपू नका. मला वापरा, मळवा, घासा आणि पुन्हा मळवा. रोज.