अकरा तासांचा उजेड

मी एक दुर्बीण बोलतेय. मागच्या अंगणात, कपड्यांच्या दोरीखाली, जुना रेनकोट पांघरून मी उभी आहे.

माझा पहिला मालक घड्याळजी होता. चंद्र पाहिला, शनी पाहिला, हौस फिटली. मग सहा वर्षं मी त्याच्या पलंगाखाली. तिथून मला दिवेवाल्याने आणलं. तो रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करतो. घरात तो आणि त्याची आई.

“जगाला दिवे आणि घरात अंधार,” आई म्हणायची. “तुझं काही कळत नाही बाबा.”

त्याला एका तेजोमेघाचा फोटो हवा होता. तो इतका फिका, की पाच मिनिटं टक लावून पाहिलं तरी जेमतेम राखेचा डाग उमटे. असे शेकडो फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, मग ढग दिसू लागतो. वीस तासांचा उजेड जमवायचा होता. म्हणून नियम एकच: माझं काम चालू असताना मागचा दिवा लावायचा नाही.

अकरा तास जमले त्या रात्री आईला दोरीवरचे कपडे आठवले. दव पडायला लागलं होतं. ती अंधारातच आली आणि माझ्या तिपाईला अडखळली. मला फक्त वर बघता येतं. मी आवाज तेवढा ऐकला.

“अगं, दिवा लावायचा ना,” तो धावत येऊन म्हणाला.

“तुझा फोटो चालू होता ना रे.”

मनगट मोडलं होतं.

मागचा दिवा आई पुन्हाही लावणार नाही, हे त्याला कळून चुकलं. जो दिवा तिला बंद ठेवता येणार नाही, असाच हवा होता. त्याने आपल्या नगरपालिकेच्या ऑफिसात नव्या दिव्यासाठी अर्ज दिला आणि आठवड्याने मागच्या बोळात स्वतःच शिडीवर चढून पांढराशुभ्र दिवा बसवला.

“वा, आता सुई पडली तरी सापडेल,” शेजारी म्हणाला.

आता वर पाहिलं की मला सगळं दुधाळ दिसतं. आईचं प्लास्टर निघालंय.

“तुझा ढग झाला का रे पुरा?” तिने परवा विचारलं.

“झाला,” म्हणत त्याने अकरा तासांचाच फोटो दाखवला. तिने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

“छान आहे. जरा पुसट आहे, नाही?”

त्या दिव्याला वरून पत्र्याची टोपी बसवली, तर उजेड खाली बोळात पडेल आणि आभाळ मला थोडं परत मिळेल. पत्रा त्याने कापूनही ठेवलाय, माझ्या पेटीत. पण दिवा ऑफिसचा. साहेबांना विचारावं लागेल. अर्ज स्वतःचाच, आता तक्रार कशी करायची, म्हणून तो गप्प बसतो. मला तर तोंडच नाही.

तुम्ही कुणी त्या ऑफिसात गेलात, तर विचाराल का?