ताकोकेताईचा फेब्रुवारी

तामातीने ते ठिपके नकाशावरून पुसले आणि क्षणभराने पुन्हा जागेवर आणले.

नकाशा फेब्रुवारीचा होता. आओतेआ बेटाच्या डोंगरात बिळे करून राहणारे ताकोकेताई, काळ्या पंखांचे समुद्रपक्षी, कोणत्या महिन्यात कोणत्या पाण्यावर चरतात, हे संगणकाला शिकवण्याचे काम त्याच्याकडे होते. पाण्याची ऊब, खोली, वारा आणि पक्ष्यांच्या पाठीवरच्या ट्रान्समीटरने पाठवलेले ठिपके, यांतून प्रत्येक महिन्याचा रंग उमटत असे. जिथे रंग गडद, तिथे त्या महिन्यात गळ टाकायला बंदी येणार होती. पक्षी थोडेच उरले होते.

या एका पक्ष्याची वाट मात्र अर्ध्यातच बदलली होती. वाऱ्यावर वळणारी रेघ एकाएकी सरळ झाली, बोटीच्या संथ वेगाने निघाली, एका खडकापाशी थबकली आणि मग धक्क्याकडे वळली. शेवटचे ठिपके एका घरावर साचले होते.

त्या खडकापाशी इंजिन बंद करणारा माणूस बेटावर एकच होता. तामातीचे वडील तिथे बुडाले होते, सापडले नव्हते. थोरला भाऊ होहेपा मासेमारीहून परतताना तिथे थांबून थर्मासमधला उरलेला चहा पाण्यात ओततो. वडील गेल्यापासून तामाती बोटीत चढलेला नव्हता.

गळाला पक्षी लागला तर मत्स्यखात्याला कळवायचा असतो; त्यात बोटीचा परवानाही जाऊ शकतो. होहेपाने कळवला नव्हता. ‘यंत्राचा दोष’ एवढे लिहिले की ठिपके वगळले जाणार होते. भाऊ सुटणार होता, आणि तो पक्षी मेलाच नव्हता असे होणार होते. राग येईल असे तामातीला वाटले होते. आला नाही.

संध्याकाळी होहेपा परसात माशांना धुरी देत होता.

“आलास? मला वाटलं फोन करशील. समुद्राचं काम करणारे लोक हल्ली बुटाला पाणी लागू देत नाहीत म्हणे.”

“पक्षी कुठंय, भावा?”

होहेपाने लाकडाचा तुकडा विस्तवात सारला. मग आत जाऊन टॉवेलात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आला. बर्फाने ते कडक झाले होते.

“समुद्रात का नाही टाकलास? कुणाला कळलं नसतं.”

“तू बघत बसला असतास ना. आज दिसेल, उद्या दिसेल.” तो ओंडक्यावर बसला. “आईसारखा.”

धूर दोघांच्या मधून गेला.

“मग कळवलं का नाहीस?”

“बोट बाबांची आहे रे.”

माशांचे तेल विस्तवात ठिबकत राहिले.

“तूच लिही,” होहेपा म्हणाला. “माझ्यानं नाही झालं.”

सकाळी तामातीने पक्ष्याच्या मृत्यूच्या कारणाच्या जागी ‘गळ’ लिहिले, पुढे वडिलांच्या बोटीचे नाव. सरळ रेघेतले ठिपके पक्ष्याचे नव्हते, बोटीचे होते; ते काढून त्याने संगणकाला नकाशा पुन्हा रंगवायला लावला. खडकाभोवतीचा रंग फिका होत गेला आणि शेवटी पांढरा झाला. इथे कुणी येत नाही, असे संगणकाचे म्हणणे पडले.

त्या पांढऱ्या जागेकडे तो पाहत राहिला. मग त्याने फोन उचलला.

“आज निघतोयस?”

“परवाना आहे तोवर निघायचंच की. का रे?”

“चहा जास्त घे.”