मोहरीएवढी चिप आणि कानमावशी

कारखान्यात दोन कान सगळ्यांनाच होते, पण ‘कान’ म्हणून ओळख एकीचीच. कानमावशी. अकरा वर्षं ती कपाटाएवढ्या खोलीत बसत होती. भिंतींना, छताला, अगदी दाराच्या आतल्या बाजूलाही राखाडी स्पंज. आत शिरलं की स्वतःचाच श्वास परक्याचा वाटायचा. मावशीचं काम एकच. तयार झालेला एकेक सर्किट बोर्ड कानाशी धरायचा आणि तो गातोय का ते ऐकायचं.

हो, गातोय का. बोर्ड असायचा बाळाच्या पाळण्याला अडकवायच्या तापमापकाचा. त्याला नाण्याएवढा सेल. सेल देतो तीन व्होल्ट आणि यंत्राच्या मेंदूला दीडच पुरे, म्हणून तिनाचे दीड करून द्यायला मधे मोहरीएवढी चिप बसवलेली. ही बया अखंड राबत नाही. यंत्र निवांत असलं की ही डुलकी काढते, मधेच जागी होऊन घोटभर वीज देते, पुन्हा डुलकी. म्हणून तर सेल वर्षभर पुरतो. पण डुलक्यांचा ताल बिघडला की शेजारचा वीज साठवणारा कपॅसिटर थरथरतो आणि डास घोंगावल्यासारखी बारीक शिट्टी वाजते. मोठी माणसं तिकडे काणाडोळा करतील, पण बाळ रडून घर डोक्यावर घेईल. शंभरात असे तीन-चार निघायचे. मावशी त्यांना लाल ठिपका लावायची.

रोज सकाळी कान तपासून बघायला तिने ड्रॉवरमध्ये एक पक्का बोंबलणारा बोर्ड ठेवला होता. एका सोमवारी तो गप्प. मावशीने सेल बदलला, मीटर लावून पाहिला. बोर्ड ठणठणीत होता. ती तो हातात घेऊन तशीच बसून राहिली. वय झालं की बारीक आवाज आधी जातात, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. पण वाचताना ते दुसऱ्यांबद्दल आहे असं वाटलं होतं.

सांगणार कुणाला? नवरा जाऊन सात वर्षं झालेली. लेक दूरदेशी, रविवारी फोन, “जेवलीस का”पासून “ठेवते हं”पर्यंत चार मिनिटं. कारखान्यातही तिच्या दाराशी गप्पा मारायला कोण थांबणार, तिथे तर आवाज करायलाच बंदी. फक्त ट्रे आणून ठेवणारा रोज विचारायचा, “कानमावशी, काय म्हणतायत आज पोरं?” तिच्या अख्ख्या दिवसात तेवढं एक वाक्य. कान गेला की तेही जाणार.

मग तिने जे केलं ते ऐकून हसायचं नाही.

फाटकावरच्या वॉचमनचा एक बोका होता. दिवसभर सगळीकडे हिंडायचं, सगळ्यांकडे रोखून बघायचं आणि कामाला हात लावायचा नाही, म्हणून त्याचं नाव सुपरवायझर. मावशीने त्याला बिस्किटाची लालूच दाखवून पिशवीत घातलं आणि खोलीत नेलं. स्टुलावर बसवून एकेक बोर्ड त्याच्या डोक्याशी धरला. मुका बोर्ड असला की सुपरवायझर पंजा चाटत बसायचा. गाणारा आला की त्याचा कान गर्रकन वळायचा. शंभरात तीन, कधी चार. हिशेब चोख.

“मावशी, आमचे सुपरवायझर हल्ली तुमच्याकडेच ड्युटीला असतात म्हणे?” वॉचमनने विचारलं.

“उंदीर झालेत खोलीत.”

“त्या स्पंजात उंदीर? खातात काय, शांतता?”

मावशी हसली. कित्येक दिवसांनी हसली. पुढे पुढे ती बोक्याशी बोलायलाही लागली, लेकीला चार मिनिटांत न सांगता आलेलं सगळं. दीड महिना झकास गेला.

मग नवी चिप आली. कारखान्यातल्या तरुण इंजिनीअर पोरीने वर्षभर खपून तिच्यावर बोर्ड बेतला होता. पहिला ट्रे आला. पहिल्या बोर्डाला बोक्याचा कान वळला. दुसऱ्याला वळला. शंभराव्याला वळला. मावशीने दुसरा ट्रे घेतला. तेच. दोनशे लाल ठिपके.

पोरगी धावत आली. “मावशी, सगळेच?”

“सगळेच.”

“एकही धड नाही?”

मावशीने मान हलवली. पोरगी दाराबाहेरच्या पायरीवर मटकन बसली. “उद्या साहेब जुनी चिपच लावा म्हणतील. माझं वर्ष पाण्यात. पण हे होतंच कसं? जुनी चिप सुस्त, ताल बिघडला तरच गायची. हिला मी झोपूच देत नाही जास्त. इतकी भरभर जागी होते, की आवाज झालाच तर माणसाच्या कानापलीकडचा.”

“माणसाच्या?”

“हो. कुत्र्यामांजरांना येईल ऐकू. त्यांना कोण विचारतंय?”

मावशीने लाल ठिपक्यांच्या ट्रेकडे पाहिलं. ‘आज सर्दीने कान दडलेत’ म्हणून ठिपके पुसून टाकता आले असते. पोरीचं वर्षही वाचलं असतं आणि मावशीची खोलीही. पण दोनशेत एखादा खरंच गाणारा असला तर? तो तिला कसा कळणार, आणि ज्या बाळाला कळेल ते सांगणार कुणाला?

“मी विचारलं,” मावशी म्हणाली.

“कुणाला?”

“मांजराला.” आणि तिने पिशवीचं तोंड उघडलं.

पोरगी आधी फिस्सकन हसली. मग मावशीच्या तोंडाकडे बघून थांबली. “कधीपासून ऐकू येत नाहीये?”

“दीड महिना.”

पोरगी दोन्ही ट्रे घेऊन आत गेली. दाराच्या स्पंजात ठेवलेल्या छोट्या काचेतून मावशी बघत राहिली. एकेक बोर्ड कानाशी जात होता, बाजूला पडत होता. दोनदा पोरीने दात आंबल्यासारखं तोंड केलं.

“दोनशेत दोन,” बाहेर येऊन ती म्हणाली. “साहेबांना काय सांगू?”

“तू नको. मी सांगते.”

साहेब रागावले आणि त्यांनी मावशीला पॅकिंगला पाठवलं. स्पंजाच्या खोलीत आता वीस वर्षांची एक मुलगी बसते. बोक्याने पास केलेली जुन्या चिपची सगळी खोकीही तिने पुन्हा ऐकून काढली.

पॅकिंगचा हॉल म्हणजे नुसता बाजार. चाळीस जणी, टेपचा खर्रखर्र आवाज, सगळ्या एकदम बोलणार. पोरं काय म्हणतायत, हे मावशीला आता कुणी विचारत नाही. अकरा वर्षं कुजबुजत काढलेली; ती बोलली तरी शेजारणीपर्यंत पोचत नाही.

“टेप संपली,” पहिल्या दिवशी ती म्हणाली.

कुणी वळून बघितलं नाही.

“टेप संपली.”

“मावशी, काही म्हणालात का?” शेजारची हात न थांबवता म्हणाली. “जरा मोठ्याने बोला की.”

मावशीने घसा खाकरला. हॉलभर नजर फिरवली. मग खोक्यावर हात टेकून, स्वतःलाच परका वाटेल अशा आवाजात तिने तिसऱ्यांदा सांगितलं.