वाचनास योग्य

मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझ्या अंगावर ‘वाचनास योग्य’ एवढे दोनच शब्द कोरलेले आहेत, आणि तेही उलटे. मित्रांनो, हसू नका. कागदावर उतरलो की मी सरळ होतो, आणि आमच्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात माझ्याएवढा मान फक्त घंटेला होता.

शिक्केवाल्याने मला घडवलं, लाकडी मूठ बसवली आणि रविवारच्या शाळेच्या वाचनमंडळाच्या हवाली केलं. मंडळात तिघं होते: पाळकसाहेब, शिंपीणकाकू आणि अध्यक्ष म्हणून निवृत्त हेडमास्तर. मुलांसाठीचं प्रत्येक लेखन हे तिघं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. काही खटकलं तर हेडमास्तर ते पान पात्याने कापून काढत आणि मग शेवटच्या पानावर मला दाबत. माझ्या ठशाशिवाय वर्गात एक ओळही वाचायची नाही, असा नियम होता. हेडमास्तर मला कोटाच्या खिशात घेऊन फिरत, दर शनिवारी जुन्या दातब्रशने घासत. मी असा काही फुगलो होतो की विचारू नका.

मग एका वर्षी रविवारच्या शाळेच्या बाई स्वतःच एक अद्भुत गोष्ट लिहू लागल्या. एक मुलगी आणि तिचं बोलकं गाढव सावल्यांच्या घाटातून निघालेत, मागे आवाज गिळणारा अजगर लागलाय, आणि समुद्रापलीकडच्या राजाने ‘मी येईन’ असा शब्द दिलाय. दर आठवड्याला बाई एक प्रकरण लिहीत, मंडळासमोर ठेवत आणि रविवारी वर्गात वाचत. मुलं श्वास रोखून ऐकायची.

त्या मुलांत हेडमास्तरांची नात होती. नऊ वर्षांची, सगळे तिला बिट्टी म्हणत. तिची आई, म्हणजे हेडमास्तरांची लेक, आदल्या वर्षी आजारपणात गेली. तिच्यासाठी सगळ्या मंडळीने महिनोन्‌महिने प्रार्थना केली होती. तेव्हापासून प्रार्थना सुरू झाली की बिट्टी ओठ घट्ट मिटून घ्यायची. रविवारी ती यायची ती फक्त गोष्टीसाठी. हा एक धागा तुटला की पोर हातची गेली, अशी हेडमास्तरांना धास्ती होती. बाईंनाही होती.

शेवटून दुसरं प्रकरण मंडळासमोर आलं, तो दिवस मी विसरलेलो नाही.

“गाढव अजून बोलतंच आहे हो,” शिंपीणकाकू चष्मा पुसत म्हणाल्या.

“बोलू दे. बायबलातही एक गाढव बोललंय,” पाळकसाहेब म्हणाले.

“आणि अजगर?”

“त्यालाही आधार आहे.”

पण हेडमास्तर एका पानावर थांबले होते. आदल्या पानाच्या शेवटी गाढव मेलेलं असतं. राजा आलेला नसतो. आणि मुलगी अंधारात त्याच्या नावाने ओरडते, ‘तू येतो म्हणालास आणि आला नाहीस!’

“हे चालायचं नाही,” हेडमास्तर म्हणाले. “राजा म्हणजे कोण, ते पोरांना बरोबर कळतं. देवावर ओरडायचं? माझ्या नातीला हे शिकवू?”

“सर, पान उलटून पुढचं तरी वाचा,” समोर उभ्या बाई म्हणाल्या.

“एवढं पुरे झालं.”

ठसा नाही तर गोष्ट बंद, आणि गोष्ट बंद तर बिट्टी बंद. शेवटी बाई पुटपुटल्या, “कापा.”

पातं फिरलं. हेडमास्तरांनी पानाची घडी करून खिशात टाकली. मग मी उमटलो, नेहमीसारखा ठसठशीत. शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं, हा स्वतःचाच नियम त्यांनी मोडला होता. मागची बाजू कुणीच वाचली नाही, आणि मी मूर्ख ऐटीत होतो.

रविवारी ते पान खिशात माझ्या अंगाला चिकटलेलं होतं. हेडमास्तर मागच्या बाकावर बसले होते. बाई वाचत होत्या, पण आवाजात जीव नव्हता. “गाढवाने मान टाकली. मग सकाळ झाली, आणि ती गाणं गात घाट उतरली.”

बिट्टी उभी राहिली. “ती ओरडली नाही?”

बाई मागच्या बाकाकडे बघू लागल्या.

“तिचं गाढव मेलं. तो आला नाही. आणि ती गाणं गाते?” बिट्टीचा आवाज चिरकला. “मी तर रोज ओरडते त्याच्यावर. उशीत तोंड घालून. म्हणजे मीच वाईट ना?”

ती बाकांमधून दाराकडे निघाली. एक पाऊल, दुसरं पाऊल. मित्रांनो, मला तेव्हा हात असते तर मी तिचा फ्रॉक धरून ठेवला असता.

“ओरडली ती, बिट्टी,” हेडमास्तर उठून म्हणाले. “मी ते पान कापलं.”

त्यांनी घडी उलगडली. ठसा नसलेलं पान ते भर वर्गात मोठ्याने वाचू लागले. मुलीचं ओरडणंही त्यांनी शब्दन्‌शब्द वाचलं. मग त्यांनी पान उलटलं आणि स्वतःही पहिल्यांदाच मागची बाजू वाचली: ‘अंधारात कुणीतरी तिच्या शेजारी चिखलात बसलं. तो राजा होता. तो रागावला नाही. गाढवाच्या मानेवर हात ठेवून तो रडत होता. तो म्हणाला, ओरड. मी इथेच आहे.’

पुढे त्यांना वाचता येईना. बिट्टी परत आली आणि आजोबांच्या कमरेला मिठी मारून मोठमोठ्याने रडली. आई गेल्यापासून ती चारचौघांत रडलीच नव्हती.

त्यानंतर हेडमास्तरांनी मला टेबलाच्या खणात ठेवून दिलं. माझं रबर तडकलंय, शाई वाळून गेलीय. आधी राग यायचा, आता नाही. मित्रांनो, तुम्हीही उद्या गोष्टी लिहाल, दुसऱ्यांच्या गोष्टी तपासाल. माझं एवढंच ऐका: कुणाचं रडणं, ओरडणं कापून टाकण्याआधी पान उलटून बघा. मी शेकडो पानांवर ‘योग्य’ म्हणून उमटलो, पण त्या लेकराच्या कामी आलं ते माझा ठसा नसलेलं एकच पान.