बाबांच्या फळीवरचा इंटरकूलर

मी एक जुना इंटरकूलर आहे, मित्रांनो, आणि माझं नाव तुम्ही कधी ऐकलं नसेल याची मला खात्री आहे. लोक गाडीचा रंग बघतात, हॉर्न वाजवून बघतात. माझी चौकशी कोण करतो!

ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये कागदासारख्या पात्या, असा माझा देह. एका छोट्या लाल गाडीत इंजिनाच्या डोक्यावर मला बसवलं होतं. त्या गाडीत सुपरचार्जर होता. तो हवा दाबून इंजिनात कोंबायचा. दाबलेली हवा तापते आणि तापलेल्या हवेने इंजिन मलूल होतं. म्हणून ती आधी माझ्यातून जायची. बॉनेटच्या झरोक्यातून येणारा वारा अंगावर घेऊन मी तिला थंड करायचो, चहा फुंकून द्यावा तसं. गाडी इवलीशी, पण चढावर भल्याभल्यांना मागे टाकायची. मूर्ती लहान पण कीर्ती महान!

गाडी होती एका मुलीची. ती दूरच्या शहरात नोकरी करायची. तिचे बाबा जुने मेकॅनिक, घरी एकटेच असायचे. माझ्या पात्यांत धूळ, पानं, किडे अडकत, आत तेलाचा थर बसे. म्हणून दर उन्हाळ्याआधी ती गाडी घेऊन बाबांकडे यायची. बाबा मला उतरवून आतून धूत, उन्हात ठेवत आणि तिच्या लहानपणच्या फणीने माझ्या वाकलेल्या पात्या विंचरत.

"बघ ठमे, तुझ्या डोक्यातल्यासारख्याच उवा निघाल्या," मेलेले किडे दाखवत ते म्हणायचे.

"बाबा, पुरे हं! माझ्या डोक्यात एवढ्या नव्हत्या."

मी पुरता वाळेपर्यंत तिला परत जाता येत नसे. बाप-लेकीच्या गप्पा ऐकत मी मुद्दाम सावकाश वाळायचो.

मग एका वर्षी ती म्हणाली, "बाबा, गाडी चढावर फार धापा टाकते हो."

माझा एक सांधा उसवला होता. वय झालं होतं माझं. बाबांनी मोठा, नवा इंटरकूलर मागवला. कामात त्यांनी कसलीच कसर ठेवली नाही. नवे रबरी पाइप, नव्या क्लिपा आणि कचरा आत जाऊ नये म्हणून समोर स्वतः कापून बसवलेली बारीक जाळी.

"आता याला सारखं उघडायला नको," ते अभिमानाने म्हणाले. "जाळी तेवढी ब्रशने झाडत जा. तुझं तुलाच जमेल."

"म्हणजे दरवर्षीचा हेलपाटा वाचला!"

बाबांचा हात पान्यावरच थांबला. आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, हे त्यांना तेव्हा कळलं. म्हणाले मात्र एवढंच, "हो, वाचला ना."

तेव्हापासून मी शेडमधल्या फळीवर आहे. उन्हाळा आला आणि गेला. गाडी आली नाही. मला फार एकटं वाटतं, आणि खाली स्टुलावर बसलेल्या बाबांनाही वाटत असणार. ते अधूनमधून मला पुसतात, स्वच्छ असलो तरी पुसतात.

परवा तिचा फोन आला. शेडमध्ये दुसरा आवाज नव्हता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"गाडी मस्त पळतेय, बाबा. काही म्हणजे काही काम नाही."

"छान," बाबा म्हणाले. मग मला पुसता पुसता, "एकदा आणून दाखव मात्र. एक क्लिप मी सैल ठेवलीय बहुतेक."

मित्रांनो, मी सगळं काम बघत होतो. एकही क्लिप सैल नव्हती.

आपल्या वस्तूंची निगा राखा, धूळ झाडा, हे तर मी सांगणारच. पण तुम्हाला कुणी असं बोलावलं, तर घरी बसून क्लिपा तपासू नका. गाडी काढा आणि जा.