तीनशे चौदाचं गाठोडं

"दार उघड गं बाई. तीन जिने चढून आलेय. नाही उघडलंस तर इथंच फतकल मारून बसेन."

मुलींच्या वसतिगृहाची लाँड्री मावशींकडे होती. एकोणीस वर्षांत कपडे मागायला त्या कुणाच्या खोलीवर गेल्या नव्हत्या. मुलीच गाठोडी खाली आणून टाकत. पण तीनशे चौदा नंबरचं गाठोडं तीन आठवडे आलं नव्हतं. शेजारच्या खोलीतली म्हणाली होती, "ती मोबाइलमधून डोकंच वर काढत नाही, मावशी. वर्गातही येत नाही."

दार उघडलं. भर दुपारी पडदे ओढलेले. मुलीचे डोळे सुजलेले, हातात मोबाइल.

"कपडे दे."

"मळलेच नाहीत. मी कुठं जातच नाही."

मावशींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अंगावरचे मळलेत की. बदल ते. चादरही काढ. आणि न्यायला तूच खाली ये. माझ्या गुडघ्यांनी आज हात टेकलेत."

तासाभरानं यायला हवी होती. दोन तास झाले तरी पत्ता नाही. मावशी इस्त्री करता करता जिन्याकडे बघत राहिल्या. तिसऱ्या तासाला ती आली, उजेडानं डोळे बारीक करत.

"आलीच आहेस तर घडी घालायला चादरीची ती दोन टोकं धर."

चादर धरायला दोन्ही हात लागतात. मुलीनं मोबाइल टेबलावर ठेवला. तो थरथरला तसा तिचा हात तिकडे वळला.

"सोडू नकोस, जमिनीला लागेल."

पाचसहा चादरी झाल्यावर ती आपणहून बोलली. "पहिल्या सत्रात दोन विषय गेले. घरी पास झाले म्हणून सांगितलंय. मोबाइल बघताना ते आठवत नाही. ठेवला की लगेच आठवतं." मग अगदी हळू म्हणाली, "कधीकधी वाटतं, झोपावं आणि उठूच नये."

मावशींचे हात थांबले.

"मला यातलं काही कळत नाही, पोरी. खोटं कशाला बोलू? पण कॉलेजच्या आरोग्य केंद्रात गुरुवारी मनाच्या डॉक्टरबाई बसतात. त्यांचे कोट मीच धुते. खिशात दर वेळी चॉकलेट विसरतात. वाईट बाई असं विसरत नाही. आज गुरुवारच आहे. चल."

लाँड्रीला कुलूप लावून त्या तिला घेऊन गेल्या आणि पाऊण तास केंद्राबाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. मुलगी बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं. "पुढच्या गुरुवारी परत बोलावलंय," एवढंच ती म्हणाली.

मग ती दुपारी चादरींना येऊ लागली. एखादा दिवस यायची नाही. त्या दिवशी मावशी गुडघ्यांना शिव्या देत जिने चढायच्या.

महिन्याभरानं एकदा तिनं विचारलं, "मावशी, आईला इथून फोन करू? खोलीत हिंमत होत नाही."

मशीन धडधडत होतं. मावशींनी भरल्या पाण्यानिशी ते बंद केलं. लाँड्रीत एकदम शांत झालं.

"आई," मुलगी म्हणाली, "मी पास झाले नव्हते."

मावशी दाराकडे निघाल्या, तर मुलीनं त्यांचं मनगट घट्ट धरलं. मावशी होत्या तिथंच उभ्या राहिल्या. त्यांच्या ओल्या बोटांवरून साबणाचं पाणी फरशीवर ठिपकत राहिलं, आणि त्यांनी हात पुसायलासुद्धा हलवला नाही.